विश्लेषण : ‘माईक बंद करा’ म्हणतो तेव्हा नेमके काय बंद होते?

गणेशोत्सवात रात्री वेळ संपली की पोलीस मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगतात, ‘माईक बंद करा’. ऑनलाइन बैठकीत कुणीतरी हमखास म्हणते, ‘तुमचा माईक बंद आहे’. मोबाइलवर नवे ॲप उघडले, की ते माईक वापरण्याची परवानगी मागते. शब्द एकच, पण तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा. पहिल्या प्रसंगात खरे तर स्पीकर बंद करायचा असतो. दुसऱ्यात आपला आवाज समोरच्यापर्यंत पोहोचत नसतो. तिसऱ्यात आपले बोलणे ऐकण्याची मुभा कुणाला द्यायची, हा प्रश्न असतो. माईक म्हणजे काय, हे यंत्र काय करते आणि काय करत नाही, आणि खिशातल्या माईककडे किती सावधपणे पाहावे, याचा आढावा.

माईक नेमके काय करतो?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. कुणी बोलले, टाळी वाजवली किंवा तबल्यावर थाप मारली, की हा चढउतार लाटेसारखा हवेतून पसरतो. माईकच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेचा दाब वाढला की तो आत ढकलला जातो, दाब कमी झाला की बाहेर येतो. आपल्या कानाचा पडदाही असाच हलतो. कानातून पुढे हा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. माईकमध्ये पडद्याच्या हालचालीचे रूपांतर विजेच्या संकेतात होते. माईकचे काम इथेच संपते.

तो आवाज मोठा करत नाही, साठवत नाही आणि त्याला बोलण्याचा अर्थही कळत नाही. थोडक्यात, व्यासपीठावर वक्त्यासमोर उभा असलेला माईक हे त्या यंत्रणेचे तोंड वाटत असले, तरी प्रत्यक्षात तो तिचा कान असतो.

मग आवाज मोठा कोण करते?

माईकमधून बाहेर पडणारा संकेत फारच क्षीण असतो. मंचावर वापरल्या जाणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकमध्ये अगदी जवळून, मोठ्याने बोलले, तरी साधारण एक-दोन मिलिव्होल्ट इतकाच विद्युतदाब तयार होतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. म्हणजे माईकचा संकेत त्याच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा झाला. हा संकेत तारेतून किंवा बिनतारी मिक्सरकडे जातो. तिथे वेगवेगळ्या माईकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र केले जातात. पुढे ॲम्प्लिफायर त्याची ताकद हजारो पटींनी वाढवतो आणि शेवटी स्पीकर विजेचे पुन्हा हवेतील कंपनात रूपांतर करतो.

डायनॅमिक माईक आणि स्पीकर यांची रचना मुळात सारखीच आहे. दोन्हींत पडदा, तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक असते. माईकमध्ये हवा पडद्याला हलवते आणि वीज तयार होते. स्पीकरमध्ये वीज पडद्याला हलवते आणि आवाज तयार होतो. त्यामुळे छोटा स्पीकर उलटा जोडला तर तो कामचलाऊ माईक होऊ शकतो. जुन्या काही इंटरकॉममध्ये ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकच स्पीकर करत असे.

‘मायक्रोफोन’ हा शब्द आला कुठून?

ग्रीक भाषेतील ‘मिक्रॉस’ म्हणजे लहान आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गोष्टी दाखवणारा तो मायक्रोस्कोप. त्याच धर्तीवर, कानाला ऐकू न येणारे बारीक आवाज ऐकवणारे साधन या अर्थाने नार्सिसस मार्श यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द वापरला. तेव्हा विजेवर चालणारे असे कोणतेही यंत्र अस्तित्वात नव्हते. पुढे १८२७ मध्ये इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी स्टेथोस्कोपसारख्या एका उपकरणाला मायक्रोफोन म्हटले.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनला पेटंट मिळाले आणि बोलण्याचे विजेत रूपांतर करणाऱ्या चांगल्या साधनाची गरज भासू लागली. १८७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी कार्बनच्या सैल जोडणीवर चालणारे उपकरण दाखवले आणि त्याला मायक्रोफोन हे नाव दिले. टेबलावर चालणाऱ्या माशीच्या पावलांचा आवाजही त्यातून ऐकू येतो, असे तेव्हा सांगितले जात असे. ह्यूज यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. कार्बनचे कण वापरणारे माईक पुढे अनेक दशके जगभरच्या टेलिफोनमध्ये होते.

माईक नव्हता तेव्हा काय होत होते?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा माईक वापरला गेला नव्हता. त्या काळी गायकाला एका मोठ्या कर्ण्यासमोर जोरात गावे लागे. आवाजाच्या जोरावर सुई हलत असे आणि तबकडीवर चरे उमटत. नाजूक हरकती, हलके वाद्य यांची त्यात दैना होई. माईक वापरून ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत १९२५ नंतर रुळली. हळू आवाजात, जणू कानाशी गुणगुणल्यासारखे गाणे त्यानंतर शक्य झाले. संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळातही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची जबाबदारी नटाच्या गळ्यावरच होती.

मराठीत शब्दांचा गोंधळ का झाला?

मायक्रोफोनसाठी मराठीत ‘ध्वनिग्राहक’ हा नेमका शब्द आहे, म्हणजे आवाज घेणारा. ‘ध्वनिक्षेपक’ म्हणजे आवाज फेकणारा, अर्थात लाऊडस्पीकर. ‘ध्वनिवर्धक’ म्हणजे आवाज वाढवणारा. पण बातम्यांपासून सभांच्या सूत्रसंचालनापर्यंत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द माईक आणि स्पीकर या दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. बोलीभाषेत त्याच्या उलट झाले. तिथे ‘माईक’ हा शब्द सगळ्या यंत्रणेवर पसरला. ‘लग्नात माईक लावला होता’, ‘माईकवर गाणी चालू आहेत’ असे म्हणताना बहुतेक वेळा माईकचा संबंधच नसतो. गाणी पेन ड्राइव्हवरून वाजत असतात. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणारा माणूसही गावात ‘माईकवाला’च असतो.

या शब्दाला सामाजिक अर्थही चिकटला आहे. ‘हातात माईक आला की सोडत नाहीत’ हे वाक्य कुणाबद्दल आहे, हे कोणत्याही सत्कार समारंभात सांगावे लागत नाही. ‘विरोधकांचा माईक बंद केला’ असा आरोप संसदेत वारंवार होतो आणि पीठासीन अधिकारी तो फेटाळतात. इथे माईक म्हणजे बोलण्याचा हक्क.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी ज्या हातातल्या माईकवर वाहिनीचे बोधचिन्ह लावतात, त्याला ते ‘बूम’ म्हणतात. चित्रीकरणाच्या क्षेत्रात मात्र बूम म्हणजे कलाकारांच्या डोक्यावर माईक धरण्यासाठीची लांब दांडी. आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ म्हणतात. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या डॉल्बी कंपनीचे पहिले गाजलेले तंत्र टेपवरची खरखर कमी करण्याचे होते!

कायदा कशाबद्दल बोलतो?

शब्दांचा हा गोंधळ तक्रार करताना अडचणीचा ठरू शकतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये बंधने आहेत ती लाऊडस्पीकर, जाहीर ध्वनियंत्रणा, ध्वनिवर्धक आणि वाद्ये यांच्यावर. लाऊडस्पीकर लावण्यासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे माईक नाही, फक्त गाणी लावली आहेत’ हा बचाव कामाचा नाही. नियमाच्या दृष्टीने आवाज बाहेर किती पडतो आणि केव्हा पडतो, हे महत्त्वाचे. तक्रार करतानाही ‘माईक चालू आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा लाऊडस्पीकर, ठिकाण आणि वेळ यांचा स्पष्ट उल्लेख केलेला बरा.

माईक ‘कुई’ असा का ओरडतो?

भाषण सुरू होताच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते आणि सगळे माईकला दोष देतात. याला फीडबॅक म्हणतात. स्पीकरमधून आलेला आवाज माईक पुन्हा ऐकतो, तो ॲम्प्लिफायरमधून वाढून पुन्हा स्पीकरमध्ये येतो, माईक तो परत ऐकतो. हे चक्र क्षणात इतके फिरते, की एकाच सुराची किंकाळी तयार होते.

यावर उपाय सोपे आहेत. स्पीकर श्रोत्यांच्या दिशेने, वक्त्याच्या पुढे असावेत. माईक तोंडाजवळ धरावा आणि मिक्सरवर आवाज कमी ठेवावा. मोकळ्या जागेत तोंड आणि माईक यांतले अंतर दुप्पट झाले, की माईकवर पोहोचणारा आवाजाचा दाब निम्मा होतो. मग ऑपरेटरला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टीची शक्यताही वाढते. माईक दांड्याला धरावा, जाळीला नाही. मंचावरचे बहुतेक माईक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतात. जाळीभोवती मूठ आवळली, की त्याची ही दिशा ओळखण्याची क्षमताच बिघडते. अनेक गायक ऐटीत माईक असाच धरतात आणि शिट्टी वाजली की ऑपरेटरकडे बघतात. ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणत फुंकर मारणे किंवा टिचक्या मारणेही टाळावे. त्यापेक्षा एक-दोन वाक्ये बोलून पाहिली, तर आवाज कसा येतो ते नीट कळते.

चालू राहिलेला माईक महागात कसा पडतो?

माईकला ‘आता भाषण संपले’ हे कळत नाही. ११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी रेडिओवरील भाषणापूर्वी आवाज तपासताना रशियावर बॉम्बहल्ला सुरू करण्याचा विनोद केला. तो बाहेर फुटला आणि जगभर गाजला. २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन निवडणूक प्रचारात एका मतदार महिलेशी बोलून मोटारीत बसले आणि तिच्याबद्दल अपमानकारक शब्द वापरला. कोटाला लावलेला वृत्तवाहिनीचा बिनतारी माईक तसाच चालू होता. त्यांना त्या महिलेच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. करोनाकाळात घरोघरी ऑनलाइन वर्ग आणि बैठका सुरू झाल्यावर हा धडा सामान्यांनाही मिळाला.

मोबाइलमध्ये माईक असतो कुठे?

आजच्या स्मार्टफोनमध्ये सहसा दोन किंवा त्याहून अधिक माईक असतात. खालच्या कडेचा माईक बोलणे घेतो. वरच्या बाजूचा आजूबाजूचा गोंगाट ऐकतो, जेणेकरून सॉफ्टवेअरला तो वजा करता येतो. काही फोनमध्ये व्हिडीओसाठी मागे, कॅमेऱ्याजवळही एक असतो. हे माईक सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले असतात आणि त्यांचा पडदा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असतो. त्याआधी मोबाइल आणि टेपरेकॉर्डरमध्ये ‘इलेक्ट्रेट’ प्रकारचे माईक असत. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये ते तयार केले होते.

माईकचे छिद्र सिमकार्डच्या छिद्रासारखेच दिसते. सिमची पिन चुकून त्यात खुपसली, तर माईक खराब होऊ शकतो. समोरच्याला आवाज दबका येत असेल, तर आधी कव्हर किंवा धुळीने छिद्र बुजले आहे का, ते पाहावे. छिद्र मऊ, कोरड्या ब्रशने साफ करावे आणि रेकॉर्डर ॲपमध्ये बोलून तपासावे. ऑनलाइन गाणे शिकणाऱ्यांची एक तक्रार असते, की तानपुरा समोर ऐकूच जात नाही. तिथे बहुधा माईक ठीक असतो. तानपुऱ्याचा सलग सूर म्हणजे पंख्यासारखा गोंगाट, असे सॉफ्टवेअर समजते आणि तो कापते. काही ॲपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय निवडला की हा प्रश्न सुटतो.

मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो का?

‘मिक्सर घ्यायचा म्हणून घरात नुसते बोललो आणि लगेच मिक्सरच्या जाहिराती आल्या’, हा अनुभव अनेक जण सांगतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. कोणतेही ॲप गुपचूप माईक चालू करून आवाज बाहेर पाठवत असल्याचे त्यांना आढळले नाही. काही ॲप मात्र वापरकर्त्याच्या स्क्रीनवरील हालचाली टिपून इतर कंपन्यांना पाठवत होती. जाहिरात कंपन्यांना बोलणे ऐकण्याची फारशी गरजही पडत नाही. आपण काय शोधले, कुठे गेलो, कोणत्या दुकानाच्या पानावर थांबलो, त्याच वाय-फायवर घरातल्या दुसऱ्या कुणी काय पाहिले, यावरून त्यांचा अंदाज बऱ्यापैकी जमतो.

तरीही निर्धास्त राहावे असे नाही. ‘हे गूगल’ किंवा ‘हे सिरी’ म्हटल्यावर जागा होणारा सहायक ती हाक ओळखण्यासाठी सतत कान देऊन असतो. हाकेसारखा दुसरा शब्द कानावर पडला, तर तो चुकून जागा होतो आणि पुढचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊ शकते. २०१९ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि ॲपल यांच्या सहायकांची काही ध्वनिमुद्रणे दर्जा तपासण्यासाठी माणसे ऐकत असल्याचे उघड झाले. ॲपलने त्याबद्दल माफी मागितली. सिरीसंदर्भातील खटल्यात, चूक मान्य न करता, ९ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तयारी कंपनीने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस दाखवली. पेगाससासारखे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरले, तर ते वापरकर्त्याच्या नकळत माईक चालू करू शकते. अशी सॉफ्टवेअर सहसा निवडक व्यक्तींविरुद्ध वापरली जातात. सामान्य वापरकर्त्याला जास्त जपावे लागते ते आपण स्वतःच दिलेल्या परवानग्यांना.

वापरकर्त्याने काय तपासावे?

अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये एखादे ॲप माईक वापरत असेल, तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून नारिंगी ठिपका दिसतो. कॉल किंवा रेकॉर्डिंग चालू नसताना ही खूण दिसली, तर कोणते ॲप ऐकत आहे ते लगेच पाहावे. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’ विभागात माईकची परवानगी असलेल्या सगळ्या ॲपची यादी मिळते. जिथे शक्य आहे तिथे ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा. अँड्रॉइड १२ पासूनच्या अनेक फोनमध्ये सर्व ॲपसाठी माईक एकदम बंद करण्याचे बटणही वरच्या पट्टीत ठेवता येते. आवाजी सहायक वापरत नसाल, तर त्याची हाक ऐकण्याची सोय बंद करावी.

परवानगी देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : या ॲपच्या कामासाठी आवाज लागतो का? कॉल करणाऱ्या, ध्वनिसंदेश पाठवणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या ॲपला तो लागतो. टॉर्च, कॅल्क्युलेटर किंवा वॉलपेपरच्या ॲपला कानाची काहीच गरज नाही.